साखर उतरवायला नागपूर

नागपूरला लोक संत्र्यांच्या दिवसांत जातात, अधिवेशनाच्या कामाला जातात, नाहीतर लेकीबाळींकडे जातात. मी गेलो तो अंगातली साखर उतरवायला. आमच्या भागातून एवढ्यासाठी एवढ्या लांब दुसरं कोणी गेल्याचं मला माहीत नाही. म्हणून लिहितो आहे.

माझा सांगलीत बारदानाचा धंदा. गावोगावची जुनी पोती उचलायची, निवडायची, फाटकी शिवून घ्यायची आणि हळदीच्या अडत्यांना पुरवायची. पंधराव्या वर्षी खांद्यावर पोत्यांची चवड घेऊन सुरुवात केली, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. या धंद्यात सगळी करामत डोळ्यांची. पोतं उजेडात धरलं की त्याचं आयुष्य किती उरलंय ते कळतं. त्याच डोळ्यांना मोतीबिंदू धरला. उजवा पार गेला, डावा रोज थोडा थोडा धुरकटत चालला. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि सांगितलं, "साखर उतरवून या. तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर डोळाच जाईल."

साखर उतरेना. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या, मग इन्सुलिनची सुई सुरू केली. सात महिने रोज सकाळी चाळीस युनिट. बायको सुई उकळायची, औषध भरायची, टोचायची. एक दिवस चुकला नाही. तरी नळीतलं निळं औषध लघवी टाकून तापवलं की विटेसारखं लाल व्हायचं. शेवटी एके दिवशी दवाखान्यात पंधरावीस माणसं बसलेली असताना डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही चोरून खाता. खोटं बोलणाऱ्या माणसाला औषध देऊन मी काय करू? पुढच्या महिन्यापासून ऐंशी युनिट."

माझ्या शब्दावर बाजारात गाडीभर माल हलतो. सात महिने मी साखरेचा कण तोंडात घातला नव्हता, चहासुद्धा कोरा. मी टेबलावर हात आपटून बाहेर पडलो. घरी येईपर्यंत कपाळाची शीर उडत होती. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. ऐंशीनंही नाही उतरली तर?

त्याच आठवड्यात नागपूरहून धाकट्या बहिणीचं, शकूचं पत्र आलं. आमचे दाजी तिकडे सरकारी कचेरीत आहेत. तिनं लिहिलं होतं की धंतोलीत एक डॉक्टर आहेत, परदेशी शिकून आलेले. माणसाच्या रक्तात स्वतःचं इन्सुलिन किती आहे ते मोजायला ते रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवतात. मी पत्र दोनदा वाचून घेतलं. दोष माझ्या रक्तात की माझ्या तोंडात, ते मोजून कागदावर आलं म्हणजे कोण खोटं ते ठरणार होतं. आणीबाणी उठून दुसरा हिवाळा चालू होता. मी तिकीट काढलं.

पहिला दिवस

गाडीतलं सांगण्यासारखं एवढंच, की इन्सुलिनची बाटली फिरकीच्या तांब्यात गार पाण्यात ठेवली होती आणि दर स्टेशनाला मी फिरकी उघडून ती बोटांनी चाचपत होतो. समोरच्या बाईंना वाटलं तांब्यात देव आहेत. त्यांनी नमस्कार केला.

शकूनं दारातच मला आपादमस्तक पाहिलं. "किती सुटलास रे आण्णा! बस ना, काहून उभा आहेस?"

"काहून?" मी म्हणालो. "सांगलीची तू, आणि काहून?"

"वीस वर्षं झाली. भाजीवाली 'का' म्हटलं की वर भाव सांगते."

तिच्या बोलण्यात अशा बऱ्याच गोष्टी घुसल्या आहेत. कोथिंबिरीला ती सांबार म्हणते. दाजींना हाक मारताना आमच्याकडची बोली आणि शेजारणीशी बोलताना "काय करून राहिली वं?" हे मी कान देऊन ऐकत बसलो. जेवायला तिनं वडा-भात केला होता. डाळीचे वडे भातात कुस्करून वर मोहरीची फोडणी घातलेलं तेल ओततात. आमच्याकडे वडा वेगळा आणि भात वेगळा, दोघांची गाठ अशी कोणी घालून देत नाही. वड्यात साखर नाही, भातात साखर नाही. मी निर्धास्त तीनदा घेतला. शेवटी तिनं सोललेलं संत्रं पुढं केलं, तेव्हा मात्र मी ताट बाजूला सारलं. नागपुरात येऊन संत्रं नाही म्हणणारा पाहुणा त्यांच्या आळीत पहिलाच असेल.

महाल

डॉक्टरांचा निरोप होता, सकाळी उपाशी पोटी या. सात वाजता शकूनं सुई उकळली. औषध भरताना तिचा हात थांबला.

"आण्णा, पोटात काही नाही तुझ्या. मग ही सुई?"

"सात महिन्यांत एक चुकवलेली नाही. इथं येऊन चुकवली तर तो सांगलीचा म्हणेल, बघा, मी सांगत होतो. टोच."

"पण डॉक्टरांना विचारून..."

"टोच म्हटलं ना!"

तिनं टोचली. मला घरी मोठ्यानं बोलायची सवय आहे आणि तिला ऐकायची. या एका सवयीनं त्या दिवशी माझा जीव जायचा, तो वाचला.

धंतोलीत नऊला पोचलो तर डॉक्टर कोणा अत्यवस्थ रोग्याकडे गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "बारा वाजतील जी." बारा वाजेपर्यंत बाकावर बसून राहणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. मी चौकशी करत पायी निघालो. थंडी चांगली होती, लोक उन्हात पाठ करून बसले होते. भूक लागली होती पण रक्त द्यायचं होतं. चालत चालत जुन्या नागपुरात, महाल नावाच्या वस्तीत शिरलो. गल्ल्या अरुंद, दोन सायकलरिक्षा समोरासमोर आल्या की दोघांतला एक जण खाली उतरून मागं ढकलतो आणि त्यावरून आधी पाच मिनिटं चर्चा होते. एका वळणावर तागाचा वास आला. हा वास मी झोपेतही ओळखेन. बारदानाचं दुकान.

बैठकीवर एक साठीची बाई, नाकात मोठी चमकी, मांडीवर पोतं आणि हातात दाभण. नवरा गेल्यावर दुकान तीच चालवते हे मागाहून कळलं. आमच्याकडे या धंद्यात बाई पोती शिवते, भाव करत नाही. मला गंमत वाटली. नमुना बघावा म्हणून मी एक गठ्ठा ओढला.

"कोणच्या गावचे जी तुमी?"

"सांगली."

"बापा! इतक्या दूरून पोते पाहाले आले?"

मी पोतं उजेडाकडे धरलं. डाव्या डोळ्याला नुसता पिवळा धूर दिसला. मग बोटं फिरवली. "हे दुहेरी शिवलंय. एकदा शिवलेलं म्हणून विकताय."

"कुठं दिसून राहिलं तुमाले दुहेरी? उंदरानं कुरतडलं ते एकदाच शिवलं."

इथपर्यंत मला नीट आठवतं. पुढचं तुकड्यातुकड्यानं. मी आवाज चढवला. ती बाई मला फसवते आहे, सगळं नागपूर मला फसवतं आहे अशी माझी खात्री झाली. हात कापत होते, तो राग आहे असं मला वाटलं. सदरा पाठीला चिकटला होता. मी पोत्यांचा गठ्ठा गल्लीत फेकला. माणसं जमली. कोणी म्हणालं, "पिऊन आला का गा सकाळी सकाळी?" कोणी माझा दंड धरला आणि मी त्याला ढकललं. गल्लीतल्या सगळ्यांना मी एक भडक डोक्याचं गिऱ्हाईक वाटलो. मलाही तेच वाटत होतं. पस्तीस वर्षं मी असाच भांडत आलो आहे, माझा राग आणि माझं मरण यांत फरक करायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

फरक केला त्या बाईनं. ती उठून जवळ आली आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

"थंडीत इतका घाम? अगा, याले सोडा रे! हा भांडून नाही राहिला. माह्या मालकाले असंच व्हाये. सुई घेतली का तुमी? सुई घेतली का?"

"घेतली," मी म्हणालो म्हणे.

"अन् खाल्लं काय?"

उत्तराची वाट न बघता तिनं आतून साखरेचा डबा आणला आणि मूठभर साखर माझ्या तोंडाशी धरली. मी दात घट्ट मिटले. मी साखर खात नाही, मी चोर नाही, असं मी दातांतून ओरडत होतो. हे मला मागाहून तिनंच सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही.

"चोर नाही तं नाही! तोंड उघड गा! मेल्यावर कोणाले दाखवशील?"

दोघांनी मला धरलं, तिनं गालात बोट घालून साखर कोंबली, वर गुळाचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं गल्ली पुन्हा गल्लीसारखी दिसायला लागली. मी पोत्यांवर बसलो होतो आणि माझे दात वाजत होते. बाई शेजारी बसून, मी फेकलेली पोती पुन्हा घडी घालत होती.

"दुहेरीच शिवलं आहे ते," ती म्हणाली. "पण अंध्या माणसाले कसं कळलं, तेच समजून नाही राहिलं."

धंतोली

दुपारी तीच बाई मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन आली. डॉक्टर पन्नाशीचे, काटकुळे, बोलताना चष्मा वर सारणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "म्हणजे तपासणी गेली."

"गेली म्हणजे? घ्या ना रक्त."

"सात महिन्यांपासून सुई घेऊन राहिले तुम्ही. तुमच्या रक्तात आता तुमचं इन्सुलिन आहे, बाहेरून टोचलेलं आहे, आणि त्या बाहेरच्याला धरून ठेवणारं तिसरंही काही तयार झालेलं असतं. मुंबईचं यंत्र काय मोजेल? ते सुईतलं तर गाईडुकरांच्या ग्रंथीतून काढतात."

"गाईच्या?"

"हो. कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला तर मी अजूनही सांगितलेलं नाही, हे छापून आलं की कळेलच. पण त्या घटकेला मला गाईपेक्षा कागदाचं पडलं होतं. एवढ्या लांब येऊन, मरता मरता वाचून, माझ्या खरेपणाचा कागद मिळणार नव्हता. मी उठलो.

"बसा. काहून उठून राहिले? महालात जे झालं ते माझ्या तपासणीपेक्षा मोठं आहे. घरी हेच चाळीस युनिट घेऊन साखर हलत नाही. इथं उपाशी पोटी तासभर चालले, तर त्याच चाळिसानं तुम्हाला गल्लीत आडवं केलं. औषध तेच, माणूस तोच. मग काय बदललं?"

ते शोधायला त्यांनी मला दहा दिवस त्यांच्या लहानशा दवाखान्यात ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सांगलीत दिवसभर काय खाता ते सगळं सांगा."

मी अभिमानानं सांगितलं. सकाळी कोरा चहा. न्याहारीला ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठलं. दुपारी चार भाकरी, भाजी आमटी, कच्चं शेंगदाण्याचं तेल. बाजारात चार वाजता भडंग. सुई लागल्यापासून संध्याकाळी पोटात आग पडते, म्हणून दिवेलागणीला पुन्हा भाकरी, तीन, कधी चार, आणि वर भात. "साखर एक चिमूटभर नाही. गूळ नाही. फळ नाही. मधुमेहाला ज्वारी चालते, म्हणून गहूसुद्धा सोडला."

डॉक्टर हसले. माझी शीर पुन्हा उडाली.

"रागावू नका. तुम्ही चोरी केली नाही. तुम्ही सगळ्यांदेखत खात होते. पण भाकरीची पोटात साखरच होते हो, आण्णा. भाताचीही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी विचारलं, भाकरी किती?"

"नाही. गोड खाता का, एवढंच विचारायचे."

"अन् तुम्ही खरं उत्तर देत होते."

मग ते रोज फेरीला आले की थोडं थोडं समजावत. मीही सोडत नव्हतो. गोळी का देत नाही या इन्सुलिनची, सुईच का, म्हणून मी अडून बसलो. ते म्हणाले की हे संप्रेरक प्रथिनाच्या जातीचं, छोट्या छोट्या कड्यांची साखळी. गिळलं तर पोट त्याला डाळीसारखं पचवून टाकतं. रक्तात पोचतच नाही. एवढं मला पटलं. पण रक्तात भरपूर असून काम का करत नाही, ते डोक्यात शिरेना. शेवटी मीच माझ्या भाषेत मांडून पाहिलं.

"असं म्हणा डॉक्टर, रस्त्यावर मालाच्या गाड्या उभ्या आहेत. ती साखर. इन्सुलिन म्हणजे हमाल, गाडीतला माल गोदामात नेणारे."

"बरोबर."

"गोदाम छतापर्यंत भरलेलं. हमाल दारात उभे, पण आत जागाच नाही. गाड्या रस्त्यावरच."

"आणि तुमचे डॉक्टर काय करतात?"

"चाळीस हमाल आणखी लावतात." हे बोलताना मला दरदरून घाम फुटला, पण हा वेगळा घाम होता. "ते रेटून रेटून फटीफटीत माल कोंबतात. गोदाम आणखी फुगतं. म्हणजे सुई लागल्यापासून माझं वजन वाढलं ते..."

"नऊ किलो, तुमच्याच कागदावर आहे. भूक वाढली तीही सुईनंच. लठ्ठ माणसाचं अंग इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. जितकं जास्त द्यावं तितकं आणखी लठ्ठ, तितकं आणखी बहिरं. सगळ्यांचं असं नसतं. पोराबाळांना होतो त्या मधुमेहात इन्सुलिन नसतंच, त्यांची सुई थांबवली तर ती मरतात. तुमचा तो नव्हे. तुमचं गोदाम रिकामं करायचं आहे."

गोदाम रिकामं करणं म्हणजे काय ते त्या दहा दिवसांत कळलं. दोन वेळेला दोन दोन पोळ्या, तव्यावरून थेट, तूप नाही. वाटीभर वरण, भाजी हवी तेवढी, पातळ ताक. सकाळ संध्याकाळ चालणं. पहिले तीन दिवस मी तिसऱ्या पोळीसाठी वाढणाऱ्या मावशीशी घासाघीस केली. अर्धी तरी. पाव तरी. ताक सोडतो, पोळी दे.

"मले काहून विचारता? डॉक्टरले विचारा."

"त्यांना विचारून झालं."

"मंग झालं तं."

असा भाव न करणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला.

डॉक्टर सुई उतरवत होते. चाळिसाचे तीस, तिसाचे वीस. प्रत्येक वेळी मी मनाशी हिशेब मांडायचो. सात महिने चाळिसानं उतरली नाही ती विसानं कशी उतरेल? मिरजेचे डॉक्टर परत पाठवतील. डावा डोळाही जाईल. मग मी दुकानाच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या हातातल्या पोत्यांचा वास घेत राहीन. सकाळी नर्स नळी दिव्यावर धरायची. मला त्या नळीत लाल, नारिंगी, पिवळं सगळं एकच मातकट दिसायचं. ती काय म्हणते यावर माझा दिवस ठरायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, नारिंगी. सहाव्या दिवशी पिवळं. आठव्या दिवशी बारा युनिटवर ती म्हणाली, "हिरवं." मी दुसऱ्या नर्सला बोलावून खात्री करून घेतली. मग डॉक्टरांना. तिघंही हिरवं म्हणाले, तरी मला वाटलं हे माझं मन राखत असतील.

निघताना मी डॉक्टरांपुढं अडून बसलो, की मी खोटं बोलत नव्हतो हे लिहून द्या. ते म्हणाले, "देतो. पण खालची ओळही राहील." पत्रात त्यांनी लिहिलं की रोग्यानं गोड खाल्लं नाही हे त्यांचं म्हणणं खरं मानतो. खाली लिहिलं की रोगी दोन माणसांचं जेवण जेवत होता. मी खालची ओळ काढा म्हणून अर्धा तास हुज्जत घातली. त्यांनी पाकीट चिकटवलं.

परत

सांगलीला पोचल्यावर मी ते पाकीट घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना भरलेला होता, मला तसाच हवा होता. त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, आणि सगळ्यांसमोर हळू आवाजात विचारलं, "आता किती भाकरी?"

"दोन."

"मी आधीच विचारायला हवं होतं."

मी तोंडात तयार करून आणलेली सगळी भाषा तशीच राहिली. बारा युनिटची चिठ्ठी घेऊन बाहेर आलो. राग गेला असं म्हणणार नाही. कुठं ठेवावा ते समजेना.

दोन महिने रोज बाजारापर्यंत चालत गेलो, चालत आलो. पोटातल्या आगीला ताक पाजत राहिलो. सुई आठावर आली. मिरजेच्या डॉक्टरांनी दिवस दिला आणि सांगितलं, त्या सकाळची लघवी निळी किंवा हिरवी असेल तरच टेबलावर घेईन, पिवळी दिसली तर घरी जायचं.

त्या सकाळी मी दवाखान्याच्या खाटेवर बसलो होतो. बायकोनं स्पिरिटचा दिवा पेटवला, नळीत थेंब मोजून टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. ती बुडबुड वाजायला लागली. मी मान पुढं केली. मातकट धूर, त्यात ज्योतीचा ठिपका.

"काय रंग?"

तिनं नळी खिडकीशी नेऊन पाहिली, परत आली.

"हिरवा. जरा निळ्याकडे."

"पिवळा नाही?"

"हिरवा."

"नीट बघ. मला बरं वाटावं म्हणून सांगत असशील."

तिनं नळी लाकडी चौकटीत ठेवली. दिवा विझवला आणि म्हणाली, "सात महिने रोज मी सुई टोचली. गावभर तुम्हाला खोटा म्हणत होते तेव्हा मी एकदा तरी विचारलं का, खरं सांगा, काय खाल्लंत?"

दारात आयाबाई आली आणि माझं नाव घेऊन हाक मारली, रंग काय आला म्हणून विचारलं. बायकोनं उत्तर माझ्यावर सोडलं. ती माझ्याकडे बघत असावी.

"हिरवा," मी म्हणालो, आणि उठून आत गेलो.